सात ते चार : ठिपक्यांच्या रांगोळीचा एक अभ्यास

रांगोळीवर लेख लिहिते आहे असे सांगितले तेव्हा मैत्रिणींचा पहिला प्रश्न होता, "यंदा स्पर्धेत उतरणार वाटतं?" त्यांचा दोष नाही. महाविद्यालयात रांगोळी म्हटली की स्नेहसंमेलनाच्या आदल्या रात्री सभागृहात गालिच्यासारखी पसरलेली, दहा रंगांची, परीक्षकांची वाट पाहणारी रांगोळीच आपल्या डोळ्यांपुढे येते. मला लिहायचे आहे ते दारातल्या रांगोळीविषयी. ही पांढरी असते, वीस मिनिटांत होते आणि दुपारपर्यंत पायांनी पुसली जाते. तिला बक्षीस नसते.

माझा स्वतःचा या विषयाशी संबंध गेल्या वर्षी जूनमध्ये आला, तोही नाइलाजाने. साताऱ्यातले आमचे घर जुने, पुढे ओटा असलेले. पाऊस लागला की अंगणातली रांगोळी ओट्यावर येते. त्या ओट्याच्या ओल्या पायरीवरून आजी घसरली आणि तिचे उजवे मनगट मोडले. सहा आठवड्यांचे प्लास्टर पडले. त्याच आठवड्यात माझा निकाल लागला होता व माझा एक विषय राहिला होता. मी घरात कुणाशी धड बोलत नव्हते, रात्री झोप येत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी आजीने हाक मारली, "अगं, जागीच आहेस तर ऊठ. दार मोकळं राहिलंय." पुढे आषाढी एकादशी येत होती. चातुर्मासात रोज 33 गोपद्मे काढण्याचा तिचा फार वर्षांचा नेम. तो मोडणार की काय, ही तिची खरी चिंता होती हे मला नंतर कळले.

प्रथम साहित्याविषयी थोडे. आपल्याकडे बाजारात मिळणारी रांगोळी म्हणजे शिरगोळ्यासारख्या मऊ पांढऱ्या दगडाची पूड. कोकणात भाताचे तूस जाळून त्याची राख वापरण्याची पद्धत आहे, आणि तमिळनाडूतले कोलम तांदळाच्या पिठाचे असते, म्हणजे मुंग्यांची न्याहारीही होते. पूड चाळलेली हवी. जमीन किंचित ओलसर असली की रेघ धरून राहते. अंगठा आणि तर्जनी यांत चिमूट धरायची व बोटे अगदी हलकी चोळत पूड सोडायची. मी पहिल्या दिवशी मनगट फिरवून रेघ काढत होते आणि ती कुठे जाड, कुठे तुटक येत होती. आजी स्टुलावर बसून पाहत होती. ती म्हणाली, "लिहू नकोस. हात खांद्यापासून ने." एवढ्या एका सूचनेने निम्मे काम झाले.

आता प्रत्यक्ष धडा. वाचकांनी वहीचे एक पान घ्यावे. मधल्या ओळीत सात ठिपके द्या. तिच्या वर, दोन-दोन ठिपक्यांच्या मधल्या जागेवर, सहा, त्यावर पाच, त्यावर चार. खालीही तसेच. याला 'सात ते चार' म्हणतात. एकूण ठिपके 37, आणि बाहेरची कड षट्कोनी. हीच बेरीज दुसऱ्या वाटेनेही करता येते : मध्ये एक, त्याभोवती सहा, मग बारा, मग अठरा. मध्यबिंदूपासून शेजारच्या सहा ठिपक्यांकडे सहा पाकळ्या काढा. नंतर बारांच्या वलयातले सहा कोपरे घेऊन एकाआड एक जोडा. दोन त्रिकोण एकमेकांत गुंतून चांदणी तयार होते, आणि त्रिकोणाची प्रत्येक बाजू आतल्या सहांपैकी एका ठिपक्यातून बरोबर जाते. गेली नाही तर चूक रेघेची नाही, ठिपक्यांची आहे. हे मला पहिल्याच आठवड्यात समजले : मी रेघा सुधारत बसले होते आणि वाकडे होते ते ठिपके.

ठिपके नेमके पडावेत म्हणून वर्तमानपत्राच्या कागदाला पेटत्या उदबत्तीने भोके पाडून ठेवतात, कागद अंथरून वरून पूड फिरवली की झाले. आजीकडेही असा एक कागद घडी घालून ठेवलेला आहे. तिने तो मला दिला नाही. नजरेने टाक म्हणाली.

दक्षिणेकडील कोलमात ठिपके न जोडता त्यांच्या भोवतीने वळसे घेत रेघ नेण्याचा एक प्रकार आहे. त्याला 'सिक्कु' म्हणतात, म्हणजे गुंता. मद्रास ख्रिश्चन कॉलेजचे गिफ्ट सिरोमनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकात या आकृत्यांचा गणिती व्याकरणाच्या अंगाने अभ्यास केला. गणिताची धास्ती असलेल्या मला त्यातले सगळे उमगले असे म्हणणार नाही. पण या प्रकारातली एक गंमत कुणालाही पडताळता येईल. ठिपक्यांचा आयत घ्या आणि रेघ तिरकी नेत, कडेला वळवत, सर्व ठिपक्यांना वेढा. तीन ओळी व चार स्तंभ असतील तर एकच रेघ सारे ठिपके वेढून आरंभाला परत येते. तीन आणि तीन असतील तर तीन वेगळ्या रेघा लागतात. किती लागतील हे ओळी आणि स्तंभ यांच्या मसाविवरून ठरते. शाळेत मसावि कशासाठी शिकवला हे मला अशा रीतीने वयाच्या विसाव्या वर्षी ओट्यावर समजले.

या सगळ्याने मन शांत होते का? या प्रश्नाचे उत्तर फार सहज 'होय' असे दिले जाते, म्हणून मी जरा सावध आहे. अमेरिकेत रिक रॉबर्ट्‌स व मारिया थॉमस यांनी 'झेनटँगल' नावाची नक्षीपद्धत काढली आहे. साडेतीन इंची चौकोनी कागद, काळे पेन, खोडरबर नाही; लहान लहान आकृत्या पुन्हा पुन्हा काढत जायचे. नावातच झेन आणि गुंता दोन्ही आहेत. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग 1918-19 मध्ये स्वित्झर्लंडमधील शातो-दे येथे नेमणुकीवर असताना रोज सकाळी वहीत एक लहान मंडल काढीत असे. 2009 साली प्लिमथच्या जॅकी आंद्रादे यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. 40 जणांना एक कंटाळवाणा दूरध्वनी संदेश ऐकवला. त्यांपैकी निम्म्यांना ऐकताना आकृत्या भरत बसायला सांगितले होते. त्या गटाला मागाहून 29 टक्के अधिक तपशील आठवले. (तासाला वहीच्या समासात ठिपके काढते म्हणून मला एकदा उभे राहावे लागले होते. हा प्रयोग तेव्हा ठाऊक असता तर!) पण आकृत्या नुसत्या भरणे वेगळे आणि सात ते चार काढणे वेगळे. पहिल्यात लक्ष दुसरीकडे देता येते, दुसऱ्यात देता येत नाही. या प्रयोगाचा दाखला रांगोळीला लावणे मला ओढाताणीचे वाटते.

माझा अनुभव एवढाच सांगतो. राहिलेला विषय रांगोळीने सुटला नाही, त्यासाठी अभ्यासच करावा लागला. मात्र ठिपके टाकताना पुढचा ठिपका कुठे, एवढाच निर्णय समोर असतो, आणि तो ताबडतोब घ्यावा लागतो. चुकला तर फुंकर मारून फार तर थोडा हलवता येतो, खोडता येत नाही. चुकीसकट पुढे जावे लागते. त्या वीस-पंचवीस मिनिटांत गुणपत्रिका डोळ्यांसमोर येत नसे. काही दिवशी येतही असे, आणि नवल म्हणजे त्या दिवशीही आकृती बरी येई. असे का, याचा उलगडा मला झालेला नाही. दहाव्या-बाराव्या दिवसानंतर मी पहाटे घड्याळाशिवाय उठू लागले आणि आजीशी बोलूही लागले. सुरुवातीचे बोलणे सगळे ठिपक्यांचेच होते.

आषाढीला गोपद्मे मी काढली, तिने मोजली. एकतीस झाल्यावर मी उठले तेव्हा तिने प्लास्टरचा हात उंचावून मला परत बसवले.

जुलैच्या अखेरीस प्लास्टर निघाले. मनगट जुळले होते, पण बोटे आखडली होती. चेंडू दाबण्याचे व्यायाम तिने नेमाने केले. वाटी धरता येऊ लागली, चिमूट मात्र पूर्वीसारखी सुटेना. रेघ काढायला गेली की पूड एकाच जागी ढिगाने पडे. दोन-तीन दिवस तिने प्रयत्न केला आणि मग डबा माझ्याकडे सरकवला. त्या दिवशी ती दुपारपर्यंत ओट्यावर आली नाही.

ठिपका मात्र ढिगानेच पडतो. हे तिच्या आधी लक्षात आले की माझ्या, ते आठवत नाही. आता रोज सकाळी ठिपके ती टाकते आणि रेघा मी ओढते. तिचे ठिपके थोडे डावीकडे कलतात, त्यामुळे त्रिकोणाची एक बाजू आतल्या ठिपक्याला चुकवून जाते. एकदा मी विचारले, "आजी, तो भोकांचा कागद काढू का?" तिने वर न पाहता विचारले, "तुला जोडता येत नाहीत का?" मग मी रेघ जराशी वाकवून त्या ठिपक्यातून नेली.