गेजवरचा सत्तरचा आकडा

प्रश्न : जुना दीड टनाचा एसी भंगारात देऊन यंदा नवा इन्व्हर्टर घेतला. मे महिन्यात दुपारी खोली गार होईना, म्हणून मेकॅनिकला बोलावलं. त्यानं गेज लावला. एसी बंद असताना काटा सव्वातीनशेवर, चालू केल्यावर १४० वर. म्हणाला, "सत्तर पाहिजे. गॅस जास्त झालाय, थोडा सोडतो." मी नको म्हणालो. चुकलं का? — एक वाचक, सेलू

उत्तर : नाही, वाचलात. सत्तरचा आकडा खोटा नाही, पण तो तुमच्या भंगारात गेलेल्या एसीचा.

स्वयंपाकघरातला सिलिंडर आठवा. काठोकाठ भरलेला असो की तळाशी चार किलो उरलेला, आतला दाब जवळपास सारखाच. म्हणून तर संपत आलाय का हे बघायला तो हलवून, उचलून बघावा लागतो. बंद भांड्यात द्रव आणि वाफ एकत्र असली की दाब ठरतो तो तापमानावर. माल किती आहे, याच्याशी त्याचा संबंध नाही. एसीच्या नळ्यांतही हेच चालतं.

नव्या एसीत बहुधा आर-३२ हा गॅस असतो. आउटडोअरच्या स्टिकरवर बघून घ्या. बंद एसीत सव्वातीनशे पीएसआय म्हणजे आर-३२ सुमारे ३८ अंशांवर आहे. मे महिन्याच्या दुपारी सेलूतल्या बंद खोलीत ३८ अंश असणं यात नवल ते काय? डिसेंबरातल्या पहाटे पारा १० वर उतरला की हाच गेज १४५ च्या आसपास दाखवेल, थेंबभरही गॅस न गळता. थोडक्यात, तुमच्या मेकॅनिकनं थर्मामीटर लावला आणि त्याला वजनकाटा समजला.

आता चालू एसीचं बघू. जुन्या एसीत आर-२२ असायचा. सक्शनला, म्हणजे थंड बाजूच्या नळीत, ७० म्हणजे आतली कॉइल ५ अंशांवर. हा आकडा इतकी वर्षं चालला की हाताला सवयच लागली. आर-३२ मुळातच जास्त दाबाचा. त्याचे १४० म्हणजे सुमारे ९ अंश. बाहेर ४३ असताना हे ठीकच आहे. इन्व्हर्टरचा कॉम्प्रेसर वेग बदलत राहतो, त्यामुळे काटाही जागेवर थांबत नाही. गॅस सोडून ७० वर आणला असता, तर कॉइल उणे १० अंशांवर गेली असती. पंख्यासमोर पांढरा बर्फ धरला असता, हवा अडली असती, आणि पुढच्या महिन्यात "गॅस कमी आहे" म्हणून पुन्हा भरायचे पैसे!

मग खोली गार का होत नाही? माझा संशय आउटडोअरवर. गरम बाजूची वाफ द्रव व्हायची तर ती बाहेरच्या हवेपेक्षा दहा-बारा अंशांनी तरी गरम हवी. बाहेर ४३ म्हणजे आत ५५, आणि ५५ अंशांना आर-३२ चा दाब पाचशे पीएसआयच्या घरात. ट्रकच्या टायरात शंभर-सव्वाशे असतो, यावरून अंदाज करा. त्यात पत्र्यावर ठेवलेला आउटडोअर, जाळीच्या फटीत काळ्या मातीची धूळ आणि कापसाचे तंतू नमद्यासारखे बसलेले. उष्णता बाहेर जाऊ शकत नाही, दाब आणखी चढतो, कॉम्प्रेसर धापा टाकतो आणि इन्व्हर्टर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. आमच्याकडे जाळीतून निघालेला थर हातात धरला तर गोधडीच्या तुकड्यासारखा लागला होता.

आणखी एक, "गॅस संपला" या शब्दावर विश्वास ठेवू नका. पेट्रोलसारखा तो जळत नाही. कमी झाला तर कुठूनतरी गळाला. पितळी नटापाशी तेलकट काळा डाग दिसतो का बघा, साबणाचा फेस लावला की बुडबुडा फुगतो. गळती बुजवल्यावरच भरायचा, तोही स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅमांनुसार, काट्यावर तोलून. आर-३२ पेटू शकतो, त्यामुळे बंद खोलीत, उदबत्तीशेजारी हे काम करू देऊ नका. तो मेकॅनिक पुन्हा आला तर आधी आउटडोअर पाण्याच्या हलक्या फवाऱ्यानं धुऊन घ्या, आणि गेज काढण्याआधी विचारा, वजनकाटा आणलाय का?