संगणकाच्या नोकरीची तालीम : सुरुवात आपल्या बिलबुकापासून

बारामती आणि इंदापूरच्या बाजारपेठेत दुकान किंवा छोटा कारखाना चालविणाऱ्या आपल्या बांधवांसमोर दहावी-बारावीच्या निकालानंतर एक प्रश्न हमखास उभा राहतो. मुलगा किंवा मुलगी म्हणते, "अब्बा, मला सॉफ्टवेअरमध्ये जायचे आहे." क्लासवाले एकरकमी फी मागतात आणि नोकरीची हमी देतात. दुकानाच्या भांडवलातून ही रक्कम काढावी काय? आमचे उत्तर असे : आधी सहा महिने घरी राहून कामाची ओळख करून घ्यावी, मोठ्या फीचा विचार त्यानंतर. माल न पाहता पैसे मोजण्याची रीत व्यापारात नाही; ती शिक्षणातही नसावी.

काम काय असते?

सुरुवातीच्या नोकऱ्या मुख्यत्वे दोन प्रकारच्या असतात. डेव्हलपर प्रोग्राम लिहितो, तर टेस्टर तो तपासतो. शिवलेला कपडा गिऱ्हाइकाच्या हाती देण्यापूर्वी कारागीर माप, शिलाई, काज-बटण पाहतो, तेच काम टेस्टर करतो. तपासणी चुकली तर काय होते याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. सन १९९९ मध्ये अमेरिकेचे मंगळाकडे पाठविलेले यान नष्ट झाले. एका गटाच्या प्रोग्रामने आकडे पौंडाच्या मापात दिले आणि दुसऱ्याने ते मेट्रिक समजून वाचले. गजाचा हिशेब मीटर म्हणून वाचावा, तसा हा प्रकार होता.

एक धडा : तयार कपड्यांचे बिल

आता हे काम आपल्याच दुकानात करून पाहू. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांवरील जीएसटीचा नियम असा आहे : नगाची विक्री किंमत २,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्यापेक्षा जास्त असेल तर १८ टक्के. बिलाचा प्रोग्राम हा नियम पाळतो की नाही, हे टेस्टर कसे पाहील?

(१) सीमेवरची तपासणी : २,४९९, २,५०० आणि २,५०१ अशा तीन किमती घालून पाहाव्यात. २,५०० वर कर १२५ रुपये यावा. २,५०१ वर ४५० रुपये १८ पैसे. बहुतेक चुका अशा सीमेवरच सापडतात, कारण प्रोग्राम लिहिणारा 'पर्यंत' ऐवजी 'पेक्षा कमी' लिहून जातो.

(२) नगांची तपासणी : १,५०० रुपयांचे दोन सदरे घ्यावेत. एकूण ३,००० झाले तरी प्रत्येक नग २,५०० च्या आत आहे. म्हणून कर १५० रुपये. प्रोग्रामने ५४० दाखविले तर तो नगाऐवजी बेरीज पाहतो आहे.

(३) सवलतीची तपासणी : २,६०० रुपयांच्या कुडत्यावर बिलातच १० टक्के सूट दिली. किंमत २,३४० झाली, कर ५ टक्क्यांनी ११७ रुपये. प्रोग्राम छापील किंमत धरून १८ टक्के लावत असेल तर ती चूक होय.

(४) वेडीवाकडी तपासणी : नगांच्या जागी शून्य, उणे आकडा किंवा अक्षर घालावे. प्रोग्रामने ते नाकारले पाहिजे.

प्रत्येक चुकीची नोंद चार ओळींत करावी : काय घातले, काय यायला हवे होते, काय आले, कोणत्या पायरीवर आले. ही नोंद स्वच्छ लिहिता येणे हा टेस्टरचा अर्धा हुनर आहे. कर, सूट, उधारी, परत आलेला माल यांचे नियम व्यापाऱ्याच्या मुलाला घरातच ठाऊक असतात. हे त्याचे आयते भांडवल आहे.

सहा महिन्यांचा क्रम

रोज दोन तास ठरवून द्यावेत. पहिले दोन महिने पायथन भाषा. तिसऱ्या महिन्यात माहितीसाठ्याला प्रश्न विचारण्याची एसक्यूएल. चौथ्यात वेबपानांची बांधणी. पाचव्यात तपासणीचे शास्त्र आणि सेलेनियमसारखे आपोआप तपासणी करणारे साधन. सहाव्या महिन्यात आपल्या दुकानासाठी लहानसा बिलाचा प्रोग्राम लिहावा आणि पन्नास तपासण्या वहीत नोंदवाव्यात. मुलाखतीला ही वही न्यावी.

आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमाचे अनेक धडे मराठीत आणि विनामूल्य आहेत. केंद्र सरकारच्या 'स्वयम' मंचावरही शिकणे विनामूल्य आहे. फी फक्त परीक्षेची. मुलीला लगेच पुण्यास पाठविण्याची घरच्यांची तयारी नसेल, तर हा सारा क्रम घरूनच होतो. टेस्टरसाठी आयएसटीक्यूबीची पायाभूत परीक्षा आहे : ४० प्रश्न, ६० मिनिटे, उत्तीर्ण होण्यास २६ गुण. तिचा अभ्यासक्रम आणि नमुना प्रश्नपत्रिका संस्थेकडून फुकट मिळतात.

पदवी सोडू नये

अनेक कंपन्या पदवी मागतात. बारामतीत १९७२ साली स्थापन झालेल्या विद्या प्रतिष्ठानचे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि माहिती तंत्रज्ञान संस्था आहे. तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ पासूनचे. इंदापूर तालुक्यातही वनगळीला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. दहावीनंतर लवकर हाताला काम हवे असल्यास आयटीआयचा 'कोपा' हा संगणकाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम चौकशी करण्याजोगा आहे.

फसू नये

नोकरी देणारी खरी कंपनी उमेदवाराकडून अनामत मागत नाही. क्लासने हमी दिली तर ती लेखी मागावी, फी परतीच्या अटी वाचाव्यात, पावती घ्यावी, हप्ते पाडावेत आणि मागील तुकडीच्या दोन-चार विद्यार्थ्यांना स्वतः भेटावे. अनुभवाचा खोटा दाखला कोणी देऊ केल्यास तिथून उठून यावे. कंपन्या मागाहून पडताळणी करतात, आणि गेलेली पत सहजी परत येत नाही.

आणखी एक गोष्ट मुलांना आधीच सांगावी. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही प्रोग्राम लिहून देतात. नुसती बटणे दाबून पाहणाऱ्याची किंमत त्यामुळे घटते. पण लिहिलेले बरोबर की चूक, हे नियमावर बोट ठेवून सांगणारा माणूस लागतोच. सहा महिन्यांनी मुलाची वही उघडून पाहावी. ती भरलेली असेल तर फीचे पैसे निर्धास्त काढावेत. कोरी असेल तर भांडवल वाचले असे समजावे आणि मुलाशी बसून दुसऱ्या हुनराचा विचार करावा.