उचल

निगडीहून चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये तासभर सहज जातो. मुलीच्या प्रोजेक्टसाठी मी त्या तासात गुलामगिरी संपवणारे कायदे वाचायला घेतले. तिचा प्रोजेक्ट कधीच जमा झाला, मी अजून वाचतोय.

१. हवं ते वाक्य कागदात नसतंच. हिंदुस्थानातला १८४३ चा पाचवा कायदा उघडला तर जेमतेम चार कलमं. वाटलं, पानं गहाळ झालीत. 'गुलामगिरी रद्द' असं कुठेही नाही. मुख्य म्हणणं एवढंच, की गुलामावरचा मालकीहक्क कोर्ट मानणार नाही, आणि सरकारी अंमलदार वसुलीसाठी माणूस विकणार नाही. आधी चिडलो. मग पेशवाईतल्या विकल्या-घेतल्या जाणाऱ्या कुणबिणी आठवल्या. अशी एखादी पळाली, तर या कायद्यानंतर मालकानं दाद मागायची कुठे? माणसाची खरेदी-विक्री दंड संहितेत गुन्हा म्हणून आली ती १८६० साली.

२. देखण्या कागदालाही फट असते. फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामीविरुद्ध झटणाऱ्यांना अर्पण केली, म्हणून तिथली १८६५ ची तेरावी घटनादुरुस्ती मी जवळजवळ हात जोडून उघडली. त्यातच अपवाद: गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी चालेल.

३. ब्राझीलनं १८८८ मध्ये दोन कलमांत आटोपलं. सुटलेल्यांना जमीन नाही, काही नाही.

४. मला सर्वांत धीट वाटला तो आपला १९७६ चा वेठबिगारीविरुद्धचा कायदा. डहाणू-तलासरीकडे लग्नासाठी कर्ज काढलं की वारली जोडपं सावकाराचं 'लग्नगडी' होऊन राबत राही; १९४५ मध्ये गोदावरी परुळेकरांसोबत वारली त्याविरुद्ध उभे राहिले. संविधानाच्या कलम २३ नं वेठबिगारीला मनाई केलीच होती. या कायद्यानं थेट कर्जालाच हात घातला. असलं कर्ज बुडालं. सावकारानं ते वसूल केलं तर तीन वर्षांपर्यंत कैद.

५. व्याख्या मात्र नीट वाचू नये, घरापर्यंत येते. आगाऊ रकमेपायी दुसरीकडे काम करायची मोकळीक गमावणं, हेही तिच्यात बसतं. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या ताईंनी आठ हजार उचल घेतली होती. दुसऱ्या सोसायटीत जास्त पगार मिळतोय म्हणाल्या, तेव्हा मी ऐटीत म्हणालो होतो, "आधी उचल फेडा, मग जा."

रविवारी त्यांना म्हटलं, "तुम्ही खुशाल जा, पैशांचं राहू दे."

भांडं विसळता विसळता त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "लिहून द्याल का, दादा?"