पहिला एक्स-रे नॉर्मल आला तरी

हाडात पू झाला, तरी पहिले दहा ते चौदा दिवस साध्या एक्स-रेत बऱ्याचदा काहीच दिसत नाही. हाडातलं कॅल्शियम बरंच झिजल्यावरच फिल्मवर फरक उमटतो. तापाने फणफणलेलं, पाय टेकू न देणारं मूल घेऊन आई-वडील येतात, एक्स-रे नॉर्मल येतो आणि सगळे निर्धास्त होतात. घात होतो तो इथेच. खुब्याच्या सांध्यात साचलेलं पाणी सोनोग्राफीत काही मिनिटांत दिसतं आणि तिथेच सुईने काढून तपासायला पाठवता येतं. अस्थिमज्जेतली सूज एमआरआयमध्ये तीन-चार दिवसांतच कळते. सांध्यात पू असेल तर कूर्चा वाचवायला हाताशी तासच असतात.

बारावीनंतर मेडिकल म्हणजे फक्त एमबीबीएस, असं धरून बसलेल्या पालकांसाठी हे मुद्दाम सांगतो आहे. या तपासण्या वाचणारा रेडिओलॉजिस्ट व्हायचं तर ‘नीट’ प्रवेश परीक्षा, साडेचार वर्षं एमबीबीएस, वर्षभराची इंटर्नशिप, मग नीट-पीजी आणि तीन वर्षांचं एमडी. वाट लांब आहे. पण मशीनवर उभा राहणारा इमेजिंग तंत्रज्ञ बारावी विज्ञान करून पदवीला जातो, आणि त्याचं काम दुय्यम नाही. (सोनोग्राफी मात्र आपल्याकडे डॉक्टरच करतात.)

मणक्याच्या टीबीचंच बघा. महिनोन् महिने ‘पाठ धरली आहे’ म्हणून मलम चोळलेला माणूस एमआरआयला येतो. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं फक्त ‘कंबरदुखी’. जाणता तंत्रज्ञ संध्याकाळी ताप येतो का, वजन उतरलं का, हे विचारतो आणि रेडिओलॉजिस्टच्या कानावर घालतो. मग लगतचे दोन मणके, त्यांच्यामधली खराब झालेली चकती आणि बाजूला साचलेला पू नीट टिपला जातो. शेवटचा निर्णय नमुन्याच्या तपासणीवरच होतो; पण सुई कुठे घालायची, ते चित्र सांगतं. मधुमेह्याच्या पायातली जखम हाडापर्यंत गेली का, हा प्रश्नही रोजचा. दुखऱ्या माणसाला अर्धा तास न हलता पडून राहायला धीर देणं हे या पेशातलं अर्धं कौशल्य आहे, आणि ते मार्कांवरून कळत नाही.

किरणांची भीती अनेक आयांना वाटते. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतातच. एक्स-रे आणि सीटी विभागात अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम लागू असतात. कर्मचाऱ्याच्या छातीवरचा बॅज किती किरण लागले ते मोजतो.

शिकायला लांब जावंच लागतं असं नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातच बघा: लोणीचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय 1984 पासून चालू आहे, अहिल्यानगर शहराजवळ विळद घाटातही वैद्यकीय महाविद्यालय आहे. कोणता अभ्यासक्रम कुठे आहे, याची तिथेच चौकशी करा. कुठल्याही संस्थेची फी भरण्याआधी पदवी कोणत्या विद्यापीठाची, 2021 च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याप्रमाणे तिला मान्यता आहे का आणि प्रत्यक्ष काम कोणत्या रुग्णालयात शिकवणार, हे लेखी मागा. स्वतःचं एमआरआय मशीन नसलेल्या आणि कुठल्या मोठ्या रुग्णालयाशी न जोडलेल्या संस्थेत मुलाला घालू नका.