नोकरी निभावण्यासाठी सरकारी खर्चाने कोच

प्रश्न : माझा भाचा लेस्टरला एका विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात काम करतो. लहानपणापासून हुशार, पण विसराळू, धांदरट म्हणून घरी आणि शाळेत बोलणी खातच मोठा झाला. तिकडे स्थायिक झाल्यावर, पस्तिशीत त्याला एडीएचडी आणि डिस्लेक्सिया असल्याचं निदान झालं. परवा फोनवर म्हणाला, की नोकरीत अडचणी येऊ नयेत म्हणून त्याला एक कोच मिळाला आहे आणि त्याची फी सरकार भरतं. माझा विश्वासच बसेना. खासगी कंपनीतल्या पगारदार माणसावर सरकार असा खर्च का करेल? तो कंपनीनं करायला नको का? आणि हा कोच करतो तरी काय? माझी बहीण म्हणते, ‘पस्तिशीच्या माणसाला कसली शिकवणी!’
– एक वाचक, सातारा

उत्तर : भाचा सांगतो ते खरं आहे. योजनेचं नाव ‘ॲक्सेस टू वर्क’. ब्रिटनचं कामकाज आणि निवृत्तिवेतन खातं ती इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये चालवतं. उत्तर आयर्लंडची व्यवस्था वेगळी आहे. १९९४ मध्ये ही योजना सुरू झाली, तेव्हा आधीच्या काही सुट्या योजना तिच्यात एकत्र केल्या गेल्या. अपंग कर्मचाऱ्याला लागणारी खास साधनं, कामाच्या जागेतले बदल, बस-रेल्वेनं जाता येत नाही अशांचं टॅक्सीभाडं आणि अंध कर्मचाऱ्याला कागदपत्रं वाचून दाखवणाऱ्या माणसाचं मानधन अशी त्यांची कामं होती. यातली प्रत्येक अडचण समोरच्याला दिसणारी आहे. व्हीलचेअर दिसते, पांढरी काठी दिसते. तुमच्या भाच्याची अडचण दिसत नाही, म्हणून तिच्यापर्यंत पोचायला सरकारला आणि समाजालाही वेळ लागला. एडीएचडी, स्वमग्नता, डिस्लेक्सिया, डिस्प्रॅक्सिया अशी मेंदूची ठेवण असलेल्या प्रौढांना आता या योजनेतून कोच मिळतो, संगणकावर मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मिळतं आणि सहकाऱ्यांना विषय समजावून देणारं प्रशिक्षणही मिळू शकतं.

खर्च कंपनीनं का करू नये, हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. काही खर्च कंपनीला करावाच लागतो. २०१० च्या समानता कायद्यानुसार अपंग कर्मचाऱ्यासाठी वाजवी फेरबदल करणं ही मालकाची जबाबदारी आहे. बसायची जागा गोंगाटापासून लांब देणं, कामाच्या सूचना लेखी देणं, येण्याजाण्याच्या वेळेत थोडी सूट देणं हे सगळं त्यात येतं, आणि त्याचं बिल सरकारकडे पाठवता येत नाही. वाजवी म्हणता येईल त्यापलीकडचा खर्च असेल तिथे ‘ॲक्सेस टू वर्क’ येतं. खास साधनांच्या बाबतीत मोठ्या कंपन्यांना खर्चाचा काही वाटा उचलावा लागतो. पन्नासपेक्षा कमी माणसं असलेल्या छोट्या व्यवसायाला मात्र तो माफ असतो. ही तफावत मला फार महत्त्वाची वाटते. पाच माणसांच्या कार्यालयाचा मालक मनानं कितीही चांगला असला, तरी उमेदवाराच्या मागे खर्च येतोय असं दिसलं की तो बिचकतो, आणि त्या बिचकण्यापायी एखाद्याची नोकरी मुलाखतीच्या खोलीतच जाते.

आणखी एक बाब भाच्याच्या दृष्टीनं मोलाची आहे. अर्ज कंपनी करत नाही, कर्मचारी स्वतः करतो. वय १६ किंवा अधिक हवं, आणि पगाराची नोकरी हवी किंवा लवकरच सुरू होणार असावी. स्वतःचा व्यवसाय असला तरी चालतो. उत्पन्न किती हे पाहिलं जात नाही, मिळालेली रक्कम परत करावी लागत नाही, आणि निदानाचा कागद हाती नसला तरी अर्ज करता येतो. प्रौढांच्या एडीएचडीच्या तपासणीसाठी तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत लोकांना वर्षानुवर्षं थांबावं लागतं. निदान होईपर्यंत मदत नाही असं म्हटलं असतं, तर कित्येकांची नोकरी निदानाच्या आधीच गेली असती.

यात सरकारचा स्वार्थही आहे, तो लपवायचं कारण नाही. माणूस नोकरीत राहिला तर कर भरतो, नोकरी गेली तर भत्त्याच्या रांगेत उभा राहतो. २०११ मध्ये लिझ सेस यांनी अपंगांच्या रोजगाराचा आढावा घेणारा अहवाल सरकारला दिला. योजनेवर खर्च केलेल्या प्रत्येक पौंडामागे तिजोरीत १.४८ पौंड परत येतात, हा अंदाज त्यात दिला होता. या योजनेची फारशी कुणाला माहितीच नाही, हीही त्या अहवालातली तक्रार होती. मला स्वतःला परताव्याच्या आकड्यापेक्षा रॉबर्ट बकलंड यांच्या स्वमग्नांच्या रोजगारावरच्या २०२४ च्या अहवालातली तुलना जास्त बोलकी वाटते. कामाच्या वयातल्या अपंग नसलेल्या दहा माणसांपैकी साधारण आठ जण नोकरीत असतात, सर्व अपंगांपैकी पाच, आणि स्वमग्न माणसांपैकी तीनच. उरलेल्या सातांपैकी अनेकांच्या अंगी काम करण्याची कुवत आहे, इच्छा आहे, शिक्षणही आहे. त्यांचं अडतं ते कामाच्या भोवतालच्या न सांगितलेल्या नियमांपाशी.

आता कोच काय करतो ते पाहू. तो शिकवणी घेत नाही आणि उपचारही करत नाही. काम कुठे अडतं हे कर्मचाऱ्यासोबत शोधायचं आणि त्या ठिकाणापुरती युक्ती बसवायची, एवढंच तो करतो. दोघांच्या मोजक्याच बैठका होतात. त्या बहुधा तास-दोन तासांच्या असतात, काही आठवड्यांच्या अंतरानं, समोरासमोर किंवा व्हिडिओवर.

तुमच्या भाच्याच्या विभागात सहज घडू शकेल असा एक प्रसंग घ्या. साहेब केबिनच्या दारात उभं राहून सांगतात, ‘ती पुराच्या नुकसानीची फाइल बघून घे, दोनच्या आत मला कळव, आणि हो, कालच्या बाईंना फोन कर.’ ऐकताना तिन्ही कामं स्पष्ट कळतात. जागेवर येईपर्यंत एकच उरतं. संध्याकाळी साहेब म्हणतात, ‘तुझं लक्ष नसतं.’ हे वाक्य तुमच्या भाच्यानं पहिलीपासून ऐकलं असेल. कोच ते म्हणत नाही. त्याचे प्रश्न वेगळे असतात : नेमकं कुठे निसटलं? ऐकताना, चालताना, की जागेवर येताच स्क्रीनवर नवी मेल दिसली तेव्हा? बहुतेक वेळा उत्तर तिसरंच निघतं. मग दोघं मिळून एक सवय ठरवतात. परत येताच इनबॉक्स न बघता आधी साहेबांनाच दोन ओळी लिहायच्या : ‘आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे ही तीन कामं, यातलं पहिलं दोनच्या आत. बरोबर ना?’ यात साहेबांचाही फायदा असतो, कारण आपण नेमकं काय सांगितलं हे त्यांनाही कळतं. पुढच्या बैठकीत कोच विचारतो, की पंधरा दिवसांत हे किती वेळा जमलं आणि जमलं नाही तेव्हा काय झालं. सवय लागली नसेल तर दोष सवयीचा धरायचा, ती बदलायची आणि पुन्हा करून बघायची.

वेळेचंही असंच. एडीएचडी असलेल्या अनेकांना ‘अर्धा तास’ म्हणजे किती हे आतून जाणवत नाही. इथे कोच एक साधी वही ठेवायला सांगतो. काम सुरू करण्यापूर्वी किती वेळ लागेल याचा अंदाज लिहायचा, संपल्यावर प्रत्यक्ष लागलेला वेळ. आठवडाभरात दिसू लागतं, की दाव्याची छाननी वीस मिनिटांची वाटते पण पन्नास मिनिटं खाते, आणि जिची धास्ती घेऊन तीन दिवस टाळलं ती मेल सहा मिनिटांत होते. ही वही पाहून अनेकांचे डोळे भरून येतात, कारण वर्षानुवर्षं आळस म्हणून अंगाला चिकटलेली गोष्ट केवळ अंदाजाची चूक होती हे कागदावर दिसतं. पुढे दिवसाची आखणी अंदाजावर न करता वहीवर करायची.

डिस्लेक्सिया म्हटलं की आपल्याला ऱ्हस्व-दीर्घ आठवतं. लंडनच्या बर्कबेक महाविद्यालयातल्या नॅन्सी डॉइल आणि अलमुथ मॅकडॉवल यांनी डिस्लेक्सिया असलेल्या नोकरदारांच्या कोचिंगचा अभ्यास केला. त्यात बैठकांमध्ये सर्वाधिक निघालेले विषय स्मरणशक्ती, कामाची मांडणी आणि वेळेचं नियोजन हे होते. शुद्धलेखन त्यांच्या मागे होतं. दाव्याच्या क्रमांकातले आकडे उलटसुलट होतात, तर ते तीन-तीनच्या गटात वाचायचे. लांबलचक अहवाल डोळ्यांनी वाचण्यापेक्षा संगणकाकडून ऐकायचा. स्वमग्न कर्मचाऱ्याच्या बैठकांत वेगळेच प्रश्न येतात. ‘जमेल तेव्हा ये’ म्हणजे आज की पुढच्या आठवड्यात? दुपारच्या जेवणाला सगळ्यांसोबत बसलंच पाहिजे का? अचानक बदललेल्या वेळापत्रकानं डोकं सुन्न झालं तर कुणाला आणि कसं सांगायचं? काही ठिकाणी कोच एखादी बैठक साहेबांसोबतही घेतो, आणि माझ्या मते तीच सर्वांत उपयोगी असते. सगळं जुळवून घेणं एकाच माणसाच्या पदरी का पडावं?

योजनेत सारं आलबेल नाही. ‘कोच’ ही पदवी ब्रिटनमध्ये कायद्यानं बांधलेली नाही. कुणीही पाटी लावू शकतो, त्यामुळे एडीएचडी खरोखर जाणणारा कोच मिळणं थोडं नशिबावरही असतं. बऱ्याचदा पैसे आधी भरावे लागतात आणि पावत्या जोडून मागाहून मागावे लागतात. ज्याला कागद सांभाळणं जड जातं त्याच्याकडूनच इतके कागद मागायचे, हे मला क्रूर वाटतं. आणि सगळ्यांत मोठी तक्रार विलंबाची. २०२३-२४ मध्ये ६७ हजारांहून अधिक लोकांना या योजनेतून पैसे मिळाले आणि खर्च २५ कोटी पौंडांवर गेला. मागणी त्याहून झपाट्यानं वाढली. २०२५ च्या सुरुवातीला निकालाची वाट पाहणारे अर्ज साठ हजारांच्या वर होते. चार आठवड्यांत नोकरीवर रुजू होणाऱ्यांचे अर्ज आधी हातात घेतले जातात. बाकीचे महिनोन्‌महिने पडून राहतात, आणि नव्या नोकरीतल्या माणसाबद्दल कंपनीचं मत तर पहिल्या काही महिन्यांतच बनतं. मार्च २०२५ मध्ये सरकारनं योजनेच्या भवितव्यावर लोकांची मतं मागवली, तेव्हा अपंगांच्या संघटनांनी मदतीत काटछाट होण्याची भीती बोलून दाखवली. मला ती भीती अनाठायी वाटत नाही.

आपल्याकडे काय, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण साताऱ्यातल्या माणसाच्या मनात ते आलंच असेल. महाराष्ट्राला या बाबतीत अभिमानानं सांगण्यासारखं काही आहे. डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती देण्याची सुरुवात या राज्यानं १९९६ मध्येच केली. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा यांमुळे कितीतरी मुलं दहावी पार झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत. त्यांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत, एडीएचडी मात्र वेगळं म्हणून नोंदलेलं नाही. सरकारी नोकऱ्यांतल्या चार टक्के आरक्षणातला एक टक्का ज्या गटाला मिळून आहे, त्यात हे दोन्ही येतात. सरकारी आस्थापनांनी आपल्या दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी वाजवी सोयी कराव्यात असंही हा कायदा सांगतो. पण परीक्षेत अर्धा तास जादा मिळालेला तोच मुलगा पंचविशीत हिंजवडीच्या कंपनीत लागतो, तेव्हा त्याच्या पाठीशी कुणी नसतं. नोकरीत असलेल्याला सरकारी खर्चानं कोच मिळेल अशी योजना आपल्याकडे नाही. डिस्लेक्सिया दहावीच्या निकालाबरोबर संपतो असं जणू आपण धरून चाललो आहोत. शाळेपुरतं जे १९९६ मध्ये सुचलं, ते नोकरीपर्यंत न्यायला तीस वर्षं पुरेशी होती.

आता तुमच्या बहिणीचं म्हणणं. आईनं मुलाला धांदरट म्हटलं ते मायेनंच, आणि त्या काळी साताऱ्यालाच काय, लेस्टरलाही बहुतेकांना याहून वेगळं काही ठाऊक नव्हतं. पण पस्तीस वर्षं हा माणूस इतरांसारखंच काम त्यांच्या दुप्पट कष्टानं करत आला, आणि दुप्पट कष्ट होतात हे लपवण्याचे कष्ट आणखी वेगळे. त्यातून नोकरी टिकवली हे कौतुकाचं आहे. ‘झालास का रे बरा?’ असं मात्र त्यांनी फोनवर विचारू नये. त्याला आजार झालेला नाही, आणि पुढच्या वर्षीही त्याची वही त्याच्यासोबत असेल.

तुम्ही मामा या नात्यानं एक करा. भाच्याला त्याच्या मंजुरीपत्रावरची मुदत विचारा. मंजुरी ठरावीक काळापुरती असते, नवा अर्ज ती संपण्याच्या पुरेसा आधी करावा लागतो, आणि साठ हजारांच्या रांगेत उशीर परवडत नाही. ती तारीख तुमच्या भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवा, आणि तिच्या तीन महिने आधी त्याला फोन करा.