किंमत वाढवा, पण वर्षंही वाढवा

सांगली

चि. मनू,


तुझा मेल तुझ्या मामीने मोठ्या अक्षरात छापून दिला, म्हणून निवांत वाचता आला. तुमची कंपनी स्मार्ट घड्याळाची एक ‘खास आवृत्ती’ काढणार. आतलं सगळं नेहमीच्या घड्याळाचं, वर अठरा कॅरटची केस, नग मोजके आणि किंमत कित्येक पट. त्यावरून ऑफिसात दोन तट पडलेत. एक म्हणतो, ही सरळ लूट आहे. दुसरा म्हणतो, ज्याची ऐपत तो घेईल, तुमचं काय जातं? केसचं डिझाइन तुझ्या गळ्यात पडलंय आणि तू विचारतेस, मामा, हे काम नाकारू का?

माझं मत आधीच सांगतो. काम नाकारू नकोस, पण एक अट घाल. किंमत वाढवायची असेल तर घड्याळाची वर्षंही वाढवायची, आणि किती वाढवली ते गिऱ्हाइकाला लिहून द्यायचं. एवढं होत असेल तर महाग वस्तू बनवण्यात काही कमीपणा नाही. होत नसेल, तर लूट म्हणणाऱ्यांचं खरं आहे.

तू त्यांच्या बाजूला झुकलेली दिसतेस, म्हणून आधी त्यांना उत्तर देतो. महाग वस्तू म्हणजे नुसती मिजास, असं सरसकट म्हणू नये. २५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत सेइकोने ‘क्वार्ट्झ ॲस्ट्रॉन’ विक्रीला आणलं. बाजारात आलेलं जगातलं पहिलं क्वार्ट्झचं मनगटी घड्याळ ते. केस अठरा कॅरट सोन्याची, किंमत साडेचार लाख येन, म्हणजे जवळपास त्या वेळच्या टोयोटा कोरोला गाडीएवढी. पण त्या घड्याळात सोन्यापेक्षा मोठी गोष्ट आत होती. चांगलं चावीचं घड्याळसुद्धा दिवसाकाठी काही सेकंद पुढेमागे होतं. हे महिन्याला पाच सेकंदांच्या आत राहायचं. आतलं सर्किट हाताने जोडावं लागे, नग थोडे निघत, खर्च अफाट. म्हणून ते श्रीमंतांना विकलं आणि त्यांच्या पैशावर कंपनी ते बनवायला शिकली. पुढे तेच तंत्र इतकं स्वस्त झालं की शाळकरी पोरांच्या हातावर सेलचं घड्याळ आलं. मोबाइलचीही तीच कथा. मोटोरोलाच्या पहिल्या हातातल्या फोनची किंमत ३,९९५ डॉलर होती. आपल्याकडे १९९५ साली मोबाइल आला तेव्हा आलेला फोन उचलायलासुद्धा पैसे पडत. आज भाजीवाल्या मावशींच्या कनवटीला फोन आहे, त्यामागे सुरुवातीच्या त्या श्रीमंत गिऱ्हाइकांचाही हात आहे.

दुसरी गोष्ट माझ्या घड्याळांच्या धंद्यातली. क्वार्ट्झ स्वस्त झालं आणि स्वित्झर्लंडचा घड्याळधंदा कोसळला. १९७० च्या सुमारास तिथे या धंद्यात नव्वद हजारांच्या आसपास माणसं होती. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यातली जेमतेम एक-तृतीयांश उरली. अचूक वेळ दाखवण्यात चावीचं घड्याळ हरलंच होतं. ते तगलं ते चैनीची वस्तू म्हणून. कुणीतरी चढी किंमत मोजायला तयार होतं, म्हणून बारीक चाकं जुळवणारे हात राहिले आणि ते शिकवणारी माणसंही राहिली. नवं तंत्र उभं करायला आणि जुनी कला जगवायला, दोन्हीला महाग वस्तू कामी येते. लूट म्हणणाऱ्यांना हे ऐकव.

आता तुमच्या बेताशी हुबेहूब जुळणारं उदाहरण घे. एप्रिल २०१५ मध्ये ॲपलने आपलं पहिलं घड्याळ बाजारात आणलं. सगळ्यात स्वस्त ३४९ डॉलरला. त्यातच एक ‘एडिशन’ होतं, अठरा कॅरट सोन्याचं, १०,००० डॉलरपासून १७,००० डॉलरपर्यंत. दोन्हींच्या आत चिप एकच. सोन्यावर मेहनत घेतली नव्हती असं नाही. नेहमीच्या सोन्यापेक्षा कठीण मिश्रधातू केल्याचं कंपनी सांगत होती. पण दीड वर्षात, सप्टेंबर २०१६ मध्ये, सोन्याची आवृत्ती यादीतून गेली आणि सिरॅमिकची आली. २०१८ साली नवं सॉफ्टवेअर, वॉचओएस ५, आलं ते पहिल्या पिढीच्या घड्याळांना मिळालंच नाही. ३४९ वाल्याला नाही आणि १७,००० वाल्यालाही नाही. २०२३ मध्ये कंपनीने सोन्याचं घड्याळ कालबाह्य मालाच्या यादीत टाकलं. म्हणजे आता कंपनीकडे दुरुस्तीला न्यायचीही सोय नाही.

यात कुणी लबाडी केली असं मी म्हणत नाही. वस्तूची जातच तशी. चावीच्या घड्याळाला बाहेरून काही लागत नाही. तेल सुकलं तर उघडून, साफ करून नवं तेल द्यायचं. मेन स्प्रिंग तुटली तर बदलायची. एचएमटीची जुनी ‘जनता’ अजून माझ्या टेबलावर येते आणि चालू होऊन जाते. स्मार्ट घड्याळातली लिथियमची बॅटरी मात्र वापरली तरी उतरते आणि नुसती ठेवली तरी उतरते. घड्याळाला जोडीला फोन लागतो, फोनला नवं सॉफ्टवेअर लागतं, आणि ते किती वर्षं द्यायचं हे कंपनी ठरवते. यातलं एक काहीतरी थांबलं की वरची केस लखलखीत आणि आतलं मशीन निकामी.

तुझी आई म्हणेल, सोनं तर कुठे जात नाही! खरंय. सराफाकडे नेलंस तर तो वजन करील, अठरा कॅरट म्हणजे पंचाहत्तर टक्के धरील आणि मोडीचा भाव देईल. घडणावळ बुडाली. बांगडीची घडणावळ बुडते ती आपण बांगडी मोडायला नेतो तेव्हा. तोवर ती हातात मिरवता येते. या घड्याळाची घडणावळ कपाटात पडल्या पडल्या बुडते, आणि किमतीचा मोठा भाग तर तीच असते.

आता ‘तुमचं काय जातं’ म्हणणाऱ्यांकडे वळतो. गिऱ्हाइकाचं काय जातं याची मला फारशी काळजी नाही. लाखाचं घड्याळ घेणारा पैसे बुडाले म्हणून उपाशी राहत नाही. ज्यांचं जातं ते बनवणारे. नोकियाने नव्वदीच्या अखेरीस इंग्लंडमध्ये ‘व्हर्टू’ नावाची कंपनी काढली आणि २००२ मध्ये चैनीचा फोन आणला. पडद्याला नीलमणी काच, सोन्याच्या आणि प्लॅटिनमच्या आवृत्त्या, बाजूला एक खास कळ. ती दाबली की पलीकडून माणूस बोलणार आणि हॉटेलपासून तिकिटापर्यंत जे हवं ते बघणार. प्रत्येक कळेखाली माणकाच्या बेअरिंगा. ही माणकं माझ्या रोजच्या ओळखीची. एचएमटीच्या डायलवर ‘१७ ज्वेल्स’ लिहिलेलं वाचून गिऱ्हाईक विचारायचं, आत खरी माणकं आहेत का हो? असतात, पण कारखान्यात बनवलेली, स्वस्तातली. चाकांचे दांडे त्यांत फिरतात, झीज कमी होते. गरिबाच्या घड्याळात माणिक काम करत होतं. व्हर्टूतही ते काम करायचं, कळ दाबताना बोटाला छान वाटायचं.

पण थोड्याच वर्षांत फोनवरच्या कळाच गेल्या! लोकांना मोठा पडदा, कॅमेरा आणि ॲप हवे झाले, आणि त्यात साधा फोन या फोनच्या पुढे निघून गेला. २०१२ मध्ये नोकियाने कंपनीतला मोठा हिस्सा विकला. व्हर्टूचा पहिला अँड्रॉइड फोन २०१३ मध्ये आला, आणि २०१७ मध्ये इंग्लंडमधला कारखाना बंद पडला. दोनेकशे माणसांचं काम गेलं. त्यात नजाकतीने काम करणारे कारागीर होते. त्यांचा हात चांगला होता, पण त्यांच्या हाती जी वस्तू दिली होती तिचा जीव दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये होता.

कॅमेऱ्याच्या धंद्यातही हे झालं. चंद्रावर गेलेल्या कॅमेऱ्यांची कंपनी हॅसलब्लाड. तिने २०१२ मध्ये ‘लुनार’ नावाचा कॅमेरा जाहीर केला. आत सोनीचा नेक्स-७, बाहेर लाकडाची नाहीतर चामड्याची मूठ, किंमत मूळच्या कित्येक पट. फोटोग्राफरांनी त्याची यथेच्छ टिंगल केली, आणि काही वर्षांत कंपनीने तो मार्गच सोडला. पैसे किती मिळाले कुणास ठाऊक, पण एवढ्या मोठ्या नावाचं हसं झालं. वेष्टनावर पैसा मिळतो हे एकदा कळलं की आतल्या कामावरची नजर हटते. तुमचं जायचं ते हे.

एक कारण ऑफिसात कुणी बोलणार नाही, ते मी दुकानदार म्हणून सांगतो. काचेच्या कपाटात मधोमध सगळ्यात महाग घड्याळ मांडलं की बाजूचं मध्यम किमतीचं घड्याळ आवाक्यातलं वाटतं. महाग वस्तू विकली नाही तरी ती विक्री करत असते. शिवाय तिची बातमी होते, फोटो छापून येतात. तुमच्या खास आवृत्तीमागे हेही गणित असणार. त्यात पाप नाही, पण मग ते जाहिरातीच्या खर्चात धरावं; गिऱ्हाइकाच्या पावतीत नको. नुसता भपकाच विकायचा तर २००८ साली एका जर्मन माणसाने विकला तसा विकावा. त्याने ‘आय ॲम रिच’ नावाचं ॲप काढलं, किंमत ९९९.९९ डॉलर. उघडलं की पडद्यावर लाल खडा चमकायचा, बाकी काही नाही. आठ जणांनी घेतलं, मग ॲपलने ते काढून टाकलं. निदान त्याने नावातच सगळं सांगून टाकलं होतं.

पण घेणाऱ्यांना हसू नकोस. महाग घड्याळ घेणारे सगळेच मिरवणारे नसतात. माझ्याकडे जावयासाठी घड्याळ घ्यायला सासरे यायचे. ऐपतीपेक्षा दोन पावलं वरचं घ्यायचे आणि हमखास एकच विचारायचे: टिकेल ना? त्या माणसाला सोन्याच्या झळाळीपेक्षा हे हवं असतं, की पोराने ते वीस वर्षांनी हातात घालावं आणि म्हणावं, हे सासऱ्यांनी दिलं. तुमची खास आवृत्तीही बहुतेक अशीच विकली जाईल, लग्नाला, निवृत्तीला, मुलगी परदेशी निघाली म्हणून. देणारा वर्षं विकत घेत असतो. ती तुमच्याकडे नसतील तर तुम्ही त्याला काय विकताय?

म्हणून अट. ती नुसती मी म्हणतो म्हणून नाही, एका स्विस कंपनीने मशीन शिळं होण्याच्या प्रश्नाला तोंड दिलेलं आहे. टॅग हॉयरने २०१५ मध्ये १,५०० डॉलरचं स्मार्ट घड्याळ काढलं, तेव्हाच सांगून टाकलं की दोन वर्षांची गॅरंटी संपल्यावर ते परत आणा, आणखी १,५०० डॉलर भरा आणि आमचं चावीच्या जातीचं ‘करेरा’ घेऊन जा. उपाय स्वस्त नव्हता, आणि त्यात त्यांचा धंदाही होता. पण आतलं मशीन शिळं होणार हे त्यांनी विकतानाच कबूल केलं.

तुमच्याकडून चार गोष्टी मागता येतील. केस अशी कर की आतलं मशीन अख्खं बाहेर काढून पुढच्या पिढीचं बसवता येईल; हे तुझ्याच टेबलावरचं काम आहे, आणि सोन्यावर नक्षी काढण्यापेक्षा अवघड. बॅटरी डिंक न वितळवता बदलता आली पाहिजे. सॉफ्टवेअर आणि सुटे भाग किती वर्षं मिळतील तो आकडा डब्यावर छापलेला हवा. आणि पुढे मशीन बंद पडलंच, तर केस कंपनी सोन्याच्या वजनाने परत घेईल, हेही पावतीवर हवं.

मीटिंगमध्ये हे नीतीचं व्याख्यान म्हणून मांडू नकोस. व्याख्यान दिलंस तर लोक घड्याळाकडे बघू लागतील. एकच विचार: दहा वर्षांनी हे घेऊन गिऱ्हाईक दारात आलं तर आपण त्याला काय सांगणार? उत्तर येईपर्यंत गप्प बस. ज्यांच्याकडे उत्तर नाही तेच आधी बोलायला लागतील, त्यांना बोलू दे. मग तुझं ड्रॉइंग टेबलावर ठेव आणि मशीन बदलण्याच्या सोयीने खर्च किती वाढतो तो आकडा सांग. सोन्याच्या किमतीपुढे तो लहान निघेल असा माझा अंदाज आहे, पण हिशेब तू करून जा.

त्यांनी नाहीच ऐकलं तर? तुझं म्हणणं मेलवर लिहून ठेव आणि केस उत्तम कर. एवढ्यासाठी नोकरी सोडू नये. घरभाडं तुला भरायचंय, मला नाही. पण उद्या जाहिरातीत ‘पिढ्यान्‌पिढ्या टिकणारं’ असं छापायला निघाले, तर मात्र त्या कागदावर सही करू नकोस. महाग विकणं हा व्यापार झाला. जे देणार नाही त्याचे पैसे घेणं ही फसवणूक, आणि त्या वेळी राजीनामा द्यावा लागला तरी दे. तशी वेळ आली तर मामाचं घर आहे, दुकानातही एक खुर्ची रिकामी आहे.

आईला सांग, तिचं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त झालंय. आलीस की घेऊन जा म्हणावं.

तुझा,
मामा