जिना मोकळा करा: सोसायटीतली अडगळ हलवण्याची कृती

मीटरबॉक्सखाली रद्दीचे गठ्ठे, पहिल्या मजल्यावर मोडकी सायकल, गच्चीच्या दाराशी कुणाच्या तरी बाथरूमच्या फुटक्या टाइल्सच्या गोण्या. तुमच्याही इमारतीत हे आहेच ना? चला, काढूया. तीन-चार आठवडे हाताशी ठेवा आणि क्रम मात्र बदलू नका. सोसायटीत भांडणं होतात ती बहुतेक वेळा सामान आधी उचललं आणि नंतर विचारलं म्हणून.

साहित्य: खडू, वही, फोन, रबरी हातमोजे, घासायचा ब्रश, रिकाम्या गोण्या आणि सोबतीला समितीतलं एक माणूस.

१. गच्चीपासून खाली उतरत प्रत्येक वस्तूचा फोटो काढा. मीटरखोली आणि पंपाची खोली विसरू नका. सांभाळा: कुणाच्या दारावरची नावाची पाटी फोटोत येऊ देऊ नका, ग्रुपवर तेवढ्यावरूनच वाद पेटतो.

२. साचलेलं पाणी दिसेल तिथे लगेच ओतून टाका. याला ना नोटीस लागते, ना ठराव. टायर, कुंडीखालची ताटली, झाकण हरवलेलं पिंप, सगळीकडे वाकून पाहा. तुमची सावली पडली की वर तरंगणाऱ्या बारीक अळ्या वळवळत तळाशी जातात. दिसल्या की समजायचं, डास तयार होतायत. डेंगीचा डास असल्याच साध्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडू लागते. सांभाळा: पाणी गटारात नको, उन्हातल्या कोरड्या जागेवर ओता.

३. रिकाम्या भांड्याची आतली बाजू ब्रशने खसखसून घासा. अंडी पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही काही महिने टिकतात. नुसतं ओतून ठेवलंत, तर पाणी भरताच अळ्या परत.

४. प्रत्येक वस्तूवर खडूने नंबर टाका.

५. वहीत चार रकाने आखून यादी करा: नंबर, वस्तू, जागा, मालक. सांभाळा: मालक माहीत नसेल तर रकाना कोरा ठेवा. ‘बेवारस’ हा शब्द इतक्यात लिहायचा नाही.

६. समितीच्या सभेत ठराव करून घ्या. कुठल्या तारखेपर्यंत मुदत, न नेलेल्या सामानाचं काय करायचं, पैसे कुठे जमा होणार, हे तिन्ही त्यात हवं. सांभाळा: ठराव नसताना सेक्रेटरींनी कुणाची सायकल विकली, तर प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकतं.

७. नोटीस लावा, मुदत १५ दिवसांची द्या. फलकावरही आणि ग्रुपवरही. अग्निसुरक्षेची जबाबदारी मालक आणि रहिवाशांवर टाकणारा महाराष्ट्राचा २००६ चा कायदा एका ओळीत नमूद करा. सांभाळा: नोटिशीत वस्तूंचे नंबर लिहा, फ्लॅटचे नाही.

८. ज्येष्ठांच्या दारात स्वतः जा. ही पायरी गाळू नका. माझ्या मते सगळ्या कामाचं यश इथेच ठरतं. “काकू, जिन्याखालचा पाळणा तुमचा का?” एवढंच विचारा आणि ऐकून घ्या. त्यात दोन पिढ्या वाढलेल्या असतात. गाठी सोडायला, आत जागा करायला हात लावू का, तेही विचारा. सांभाळा: त्यांच्यासमोर ‘भंगार’ म्हणू नका.

९. मुदत संपली की कोरे राहिलेले नंबर एका बंद जागी हलवा आणि आणखी एक आठवडा थांबा. गावी गेलेलं कुणीतरी हमखास परततं.

१०. उरलेल्या सामानाचे ढीग करा: धातू-कागद-प्लॅस्टिक एकीकडे, इलेक्ट्रॉनिक वस्तू दुसरीकडे, राडारोडा तिसरीकडे, आणि ट्यूबलाइट, सीएफएल, रंगांचे डबे, कीटकनाशकांच्या बाटल्या चौथीकडे. सांभाळा: ट्यूब आणि सीएफएलमध्ये पारा असतो, फोडू नका. फुटलीच तर खिडक्या उघडा आणि तुकडे केरसुणीने न झाडता जाड पुठ्ठ्याने गोळा करा.

११. पहिल्या ढिगासाठी दोन भंगारवाल्यांकडून भाव घ्या. पुण्यात असाल तर आधी तुमच्याकडे येणाऱ्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचकांना विचारा. सांभाळा: वजन तुमच्यासमोर करा आणि पावती सोसायटीच्या नावाने घ्या.

१२. इलेक्ट्रॉनिक ढीग अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्या. जुना जाड काचेचा टीव्ही अखंड द्या. त्याच्या काचेत शिसं असतं. सांभाळा: “वायर जाळून तांबं काढतो” असं कुणी म्हणालं तर त्याला काही देऊ नका. उघड्यावर कचरा जाळण्याला बंदी आहे आणि राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१६ च्या आदेशात त्याला ५ हजार रुपये, मोठ्या ढिगाला २५ हजार रुपये दंड सांगितला आहे.

१३. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी नवी घेताना दुकानात परत करा. बिलातून पैसे वजा होतात. सांभाळा: आडवी करू नका, आत आम्ल असतं.

१४. राडारोडा गोण्यांत भरा आणि महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला कळवा. मुंबईत १९१६ वरही विचारता येतं. गाडी ठरल्यावरच गोण्या खाली आणा. सांभाळा: आदल्या रात्री फूटपाथवर ठेवल्यात तर दंड सोसायटीच्याच नावावर येईल. ज्या घरातून टाइल्स निघाल्या, खर्च त्या घराचा. हे सहाव्या पायरीतल्या ठरावातच लिहून ठेवा.

१५. चौथा ढीग घरगुती घातक कचरा म्हणून वेगळ्या पिशवीत, वर मार्करने तसं लिहून, घंटागाडीवाल्यांच्या हातात द्या. सांभाळा: सुक्या कचऱ्यात मिसळलात तर तो हाताने निवडणाऱ्याच्या बोटांना काच लागते.

१६. पार्किंगमधल्या धूळ खाणाऱ्या गाडीच्या मालकाला तिची आरसी घेऊन नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात पाठवा. तिथे ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’ मिळतं. सांभाळा: ते घेऊन आरटीओत नोंदणी रद्द केल्याशिवाय काम पुरं होत नाही, गाडी नुसती भंगारात घातली तर कागदोपत्री ती त्यांच्याच नावावर राहते. हे काम मालकानेच करायचं, समितीने गाडीला हात लावायचा नाही.

१७. मोकळी झालेली जागा धुऊन घ्या, आणि त्याच दिवशी मीटरबॉक्ससमोर व जिन्याच्या वळणांवर पिवळ्या रंगाने चौकट आखा. आत काही ठेवायचं नाही, चपलांचा स्टँडही नाही. धुराने भरलेल्या जिन्यात कुणाला काही दिसत नाही; माणूस भिंतीला हात लावत उतरतो आणि पहिल्या स्टँडला अडखळतो. सांभाळा: मीटरबॉक्सजवळ पाण्याचा पाइप नेऊ नका, तिथे कोरडाच झाडू.

१८. भंगाराचे पैसे सोसायटीच्या खात्यात भरा आणि रक्कम फलकावर लावा.

१९. पुढची फेरी कॅलेंडरवर आत्ताच मांडून टाका: जून आणि डिसेंबरचा शेवटचा रविवार. अग्निशमन यंत्रणेचा ‘फॉर्म बी’ जानेवारी आणि जुलैत द्यायचा असतो. परवानाधारक एजन्सीचा माणूस तपासायला येईल तेव्हा जिना आधीच मोकळा असेल. पुढच्या फेरीलाही पहिल्या पायरीपासून सुरू करा. यादी मात्र नवी करायची नाही, हीच वही उघडायची.